चालत्या घोडीची नाल

मामा,

घोडी आता वरातीला जाणार नाही. हे मी ठरवलंय, तुमच्या मुलाने नाही, आणि तुम्ही आज असतात तर तुम्हालाही तोंडावर सांगितलं असतं. सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि बोलायची वेळ आलीच तर पदर सावरून दाराआडून बोलायचं, अशा रीतीने मी मुरबाडकडून तुमच्या या खर्डीच्या घरात आले. दहावी झालेली, घरखर्च लिहून ठेवणारी सून. तुम्ही ओट्यावर बसून लोकांना कौतुकाने सांगायचात, "आमची सून मॅट्रिक हाय, साखरेचा दाना पन लिवून ठेवते." आज तीच सून तुम्हाला लिहितेय, आणि साखरेचं काही नाही. घोडीच्या पायांचं आहे.

ही घोडी तुम्हीच आणलीत, म्हसाच्या जत्रेतून, तुमच्या शेवटच्या वर्षी. तेव्हा शिंगरू होती, काळीभोर, कपाळावर पांढरा केस सापडायचा नाही. तुमची सकाळ मला अजून दिसते. तुम्ही ओट्यावरून उतरता, आधी बादली हिच्या आधीच्या घोड्यापुढे धरता, आणि त्याने पाणी प्यायल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाही. मी चुलीपुढे बसून चहा पुन्हा पुन्हा गरम करते, लाकडं फुकट जळतात म्हणून चरफडते, पण आतून बरंही वाटतं की घर भल्या माणसाचं आहे. असा माणूस जनावराला दुखवेल हे माझ्या मनात कधी आलंच नसतं. ते तुम्हीच दाखवलंत.

शनिवार आला की माणसं यायची. काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकली की साडेसाती बाहेरच्या बाहेर जाते म्हणून. आणि नाल कशी हवी, तर चालत्या घोड्याच्या पायातून काढलेली, लोहाराकडची कोरी नको. तुम्ही पैसा घेतला नाहीत, हे मी कुठेही सांगेन. नारळ घ्यायचात, देवीपुढे फोडायचात, अर्धा त्यांच्या हातात परत द्यायचात. "देवाच्या नावानं आलेला मानूस रिकामा नाय धाडायचा," हा तुमचा शब्द. त्या शब्दासाठी कालपरवा ठोकलेली नाल उपटायची आणि नवी ठोकायची. त्याच खुरात, जुन्या भोकांच्या शेजारी नवे खिळे. दारात तेव्हा घोडा होता, तोही काळा. एका पावसाळ्यानंतर तो खडीवर पाय टेकवेना. मी ओढ्याची गार माती आणून त्याच्या खुरांना थापली, तर तुम्ही चार माणसांत मला म्हणालात, "मॅट्रिक झालीस म्हनून जनावरांची डागतरीन झालीस काय गो? काम नको म्हनून सोंग करतोय तो. अंगारा लाव नि गप ऱ्हा." माणसं हसली. तुम्हीही हसलात. मी हात धुतले आणि आत गेले. पुढच्या जत्रेला तुम्ही त्याला विकून आलात. घेणाऱ्याला काय सांगितलंत ते मी विचारलं नाही, पण तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं, मामा. मग तीच रीत या घोडीला का लावून गेलात?

यंदा शेजारच्या गावात लग्न होतं. घोडी आपलीच, नवरदेव ओळखीतला, म्हणून मीही बायकांत होते. बांधावरच्या गवतातून ती नीट आली. डांबरी सडक लागली, कडेला नुकतीच खडी टाकलेली, आणि तिथे ती उभी राहिली ती राहिलीच. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन. बँजोवाल्यांनी आवाज वाढवला. नवरदेवाचा मामा ओरडला, "घोडीलाच लगीन पसंत नाय वाटतं!" सगळे हसले. ह्यांचं तोंड उतरलं. तुमचा मुलगा, तुमच्या घरची घोडी, आणि भर वरातीत ही शोभा. ह्यांनी चाबूक काढला. एक मारला, दुसरा मारला, ती नुसती थरथरली, पाय उचलला नाही. मुजोर जनावर उधळतं हो, लाथ मारतं. हे तर दिलेलं सोसत उभं होतं.

मी नाचणाऱ्या पोरांतून वाट काढत गेले आणि लगाम धरला. "खाली उतर रे बाळा."

"काकी, फोटो बाकी हाय!"

"फोटो पायी चालत काढ. तुझे पाय धड हायेत."

हे दात-ओठ खात म्हणाले, "अगो, मान्सं बघतायत."

"बघू देत."

मी वाकून तिच्या खुराला हात लावला. खूर गरम होता, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा, आणि वरची नाडी बोटाला ठोके देत होती. सगळ्या वऱ्हाडासमोर तिला परत फिरवली आणि सडक सोडून शेताशेतातून घरी आणली. डोक्यावरचा पदर पार खांद्यावर आला होता. तो मी घरी येईपर्यंत सावरला नाही.

शहापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चिमट्याने खूर दाबला तशी घोडीने पाय हिसडला. "नाल किती दिवसांनी बदलता?" मी सांगितलं, "दारात माणूस येईल तेव्हा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. खुराची कड खिळ्यांनी चाळणी झालेली, एक खिळा जिवंत मांसाला लागलेला. नाला काढल्या, औषध भरलं, खाली मऊ अंथरायला सांगितलं. मी भाताचा पेंढा गुडघाभर टाकला. काडीकाडी जपणारी बाई मी, पण पेंढ्याला हात आखडला नाही.

त्याच शनिवारी वाशिंदच्या नव्या बिल्डिंगीतलं एक जोडपं गाडी घेऊन आलं. नारळ होताच हातात. "काकी, काळ्या घोडीची नाल मिळते ना इथे? पायातली पाहिजे."

"आता मिळत नाही. तिचे पाय दुखतात."

"आम्ही लांबून आलोय हो. मागच्या पायातली चालेल."

"मग तुमच्या पायातली चप्पल काढून द्या. खडीवरून गाडीपर्यंत जा, मग बोलू."

हे मध्ये पडले. "अगो, देवाच्या नावानं आलेत. आमच्या आबांचा शब्द हाय."

"शब्द आबांचा, पाय घोडीचा. तिला कुनी विचारला होता?"

बाई बिचारी हिरमुसली. मी तिला पाणी दिलं, चहा दिला, नारळ देवीपुढे फोडून सगळाच्या सगळा परत दिला. रिकामी धाडली नाही. नाल मात्र दिली नाही, आणि यापुढे कुणाला देणार नाही.

मला देव शिकवू नका, मामा. सोमवार मी सोडलेला नाही, शनिवारी मारुतीला तेल मीच घालते, देवीचा दिवा तुमच्या माघारी एक दिवस विझलेला नाही. माझा देव मुक्या जिवाचा खूर फोडून कुणाची साडेसाती टाळत नाही. टाळत असता तर मी त्याला तेल घातलं नसतं. वराती गेल्या तर गेल्या. भात आहे, नाचणी आहे, मी घर चालवीन. गावात म्हणतात, सुनेने सासऱ्याची रीत मोडली. मोडली. त्यांना सांगते, या आणि तिच्या खुराला हात लावून बघा, मग रीत सांगा. अजून कुणी आलेलं नाही.

एक मात्र आहे. डॉक्टर निघताना हे पाणी आणायला आत गेले होते. तेव्हा डॉक्टर हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, उभी राहील, चरेल. पण पाठीवर माणूस घेईल असं धरून चालू नका." ह्यांना मी एवढंच सांगितलंय की पावसाळ्यापर्यंत आराम. हे रोज सकाळी बादली तिच्यापुढे धरतात, पाय उचलून बघतात, आणि मला विचारतात, "कधी गो उभा करायचा हिला वरातीला?" मी म्हणते, बघू. वऱ्हाडासमोर लगाम धरायला मी घाबरले नाही, पण हे सांगायला तोंड उघडत नाही. हा कागद घडी घालून पिठाच्या डब्यामागे ठेवते, तिथे ह्यांचा हात जात नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ह्यांना सांगणार नाही.