गाडी त्याच्याकडे, इग्नायटर माझ्याकडे

२१ मे, गुरुवार

मिलिंदनं गाडी देऊन टाकली. जावयाला. अधिक महिन्याचं वाण म्हणून.

फोनवर इतक्या सहज सांगितलं की मला आधी वाटलं दुसऱ्याच कुठल्या गाडीबद्दल बोलतोय. लग्नानंतरचा पहिला अधिक, म्हणून लेक केतकी आणि जावई अनिकेत पुण्याहून धोंड्याच्या जेवणाला आलेले. अनारसे, चांदीचा दिवा, कपडे, सगळं रीतसर झालं. मग अनिकेतनं शोकेसखालची आमची रिमोटवर चालणारी बग्गी उचलून पाहिली, भारी आहे म्हणाला. मिलिंदनं ती खोक्यात भरून त्याच्या डिकीत ठेवली.

आपली गाडी? मी विचारलं.

"अरे, जावयाला काय नाही म्हणणार?"

फोन ठेवला. समोर पान अर्धं लागलेलं. ते सोडलं आणि घरी आलो. हेडलाइन काय दिली ते आता आठवतही नाही.

२२ मे, शुक्रवार

लिहून काढलं की राग उतरतो, असं नव्या उपसंपादकांना मीच सांगत असतो. बघू.

दिवाळीत घेतली, निम्मे निम्मे. सेलवर चालणारी नाही, नायट्रो नावाच्या खास इंधनावर चालणारी. मुठीत मावेल एवढं इंजिन, पण खरं. खरा आवाज, खरा धूर. नव्या इंजिनाला दामटायचं नसतं. पहिल्या काही टाक्या इंधन जास्त सोडून, भरपूर धूर काढत, हळूहळू फिरवायची, मग निवू द्यायची. त्या धुरातच तेल असतं. धूर थांबला की आतला पिस्टन कोरडा घासायला लागतो.

पन्नाशी ओलांडली तरी रिमोट हातात आला की बोट शिवशिवतं. दोघांनाही एकमेकांची खात्री नव्हती. म्हणून नियम: गाडी त्याच्याकडे, इग्नायटर आणि इंधनाची बाटली माझ्याकडे. इग्नायटर म्हणजे बोटाएवढी कांडी, चार्ज करून ठेवायची. ती प्लगवर धरल्याशिवाय इंजिन पेटत नाही. नियम मिलिंदनंच काढला होता. आयुष्य बँकेत गेलं त्याचं. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, एकट्यानं उघडायची नाही, तसं.

मध्ये केतकीचं लग्न, मध्ये इंधन मिळेना, मध्ये माझ्या निवडणूक पुरवण्या. तरी रविवार साधत साधत गेल्या आठवड्यात शेवटची हळू टाकी संपवली. येत्या रविवारी पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल, म्हणजे पूर्ण वेग, द्यायचा होता. आधी कोण, यासाठी नाणंसुद्धा उडवून झालं होतं. त्याचा नंबर लागला. मी बिनतक्रार मान्य केलं.

लिहिता लिहिता लक्षात आलं. इग्नायटर अजून माझ्याच खणात आहे. म्हणजे यानं जावयाला सुरूच न होणारी गाडी दिलीय.

कालपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

२४ मे, रविवार

सवयीनं साडेपाचला जाग आली. स्कूटर काढून बीड बायपासच्या मागच्या लेआउटवर गेलो. मोकळे प्लॉट, आम्हीच चुन्यानं आखलेलं वळण अजून दिसतंय. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या रफिकभाईंनी दोन चहा आणले. म्हणाले, दूसरे साब किधर? म्हटलं, एकच ठेवा.

"झगडा हुआ क्या?"

मी माझा चहा उचलला. दुसरा चहा त्यांनीच प्यायला, माझ्याशेजारी उभं राहून. सात वाजता ऊन चटके द्यायला लागलं.

मोकळ्या वळणाकडं बघत बसणं हा काय मूर्खपणा.

२६ मे, मंगळवार

पाण्याचा दिवस. आठवड्यानं नळ आलेला, मोटर लावून टाकी भरत होतो, तेवढ्यात मिलिंद दारात. आत येऊन बसला. माझ्या बायकोनं, सुनीतानं, सरबत दिलं. मी मोटरजवळून हललो नाही.

इग्नायटर हवा होता. अनिकेतरावांना कुरियर करायचाय. लग्न ठरेपर्यंत हा त्या पोराला 'तो पुण्याचा' म्हणायचा. आता घरात नसतानाही अनिकेतराव.

मी विचारलं, माझा अर्धा भाग आहे हे सांगितलंस का त्याला? तर म्हणाला, वाणाची वस्तू अर्धी कशी सांगायची, चांगलं दिसतं का ते. केतकीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. मग थोडं थांबून म्हणाला,

"तुझ्या हिश्श्याचं काय ते बघू आपण. मी देतो ना."

मोटर बंद केली. टाकी अजून भरायची होती. म्हटलं, ऊठ.

तो गेल्यावर वाटलं आता सुनीता सुरू होणार. लासूरच्या माहेरचा खाक्या आहे, आधी शेजाऱ्याची बाजू घ्यायची. सहा महिने ती या गाडीला तुमचं खेळणं म्हणत आलीय. ग्लास उचलत म्हणाली, "हिश्श्याचं बोलला व्हय? मग द्यायचा नाय त्यो. अजिबात नाय."

२९ मे, शुक्रवार

मिलिंदच्या बायकोचा, वंदनावहिनींचा, सुनीताला फोन. अनिकेतनं आईवडिलांसमोर, मित्रांसमोर खोका उघडला, गाडी चालू झाली नाही. केतकीच्या सासूबाई हसत म्हणाल्या, वाण छान आहे, शोकेसला शोभेल. केतकीला लागलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. केतकी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून बालवाडीत गेलेली पोर. पण आधी आठवला तो मिलिंदचा चेहरा, आणि वाटलं, बरं झालं. नंतर बराच वेळ स्वतःचाच राग. मग पुन्हा त्याचाच. हे सगळं त्याच्यामुळं, मी असा विचार करतो हेसुद्धा.

३१ मे, रविवार

लेआउटवर गेलो नाही. इग्नायटर चार्ज केला. कशासाठी, माहीत नाही. पंधरवड्यानं एकदा करायचा असतो, केला.

२ जून, मंगळवार

दुपारी केतकीचा फोन. आधी इकडचं तिकडचं. काकू कशा आहेत, ऊन किती आहे. मग म्हणाली, काका, तुम्हाला त्या गाडीतलं कळतं ना? बाबांना विचारलं की ते विषयच बदलतात.

काय झालं?

अनिकेतनं टाकी भरून इंजिन सुरू करायची दोरी ओढली. पंचवीसतीस वेळा. आता दोरीच ओढली जात नाही, जाम झालीय. तो म्हणतोय जोर लावला की सुटेल.

"कशानं भरली टाकी?"

"पेट्रोलनं. का?"

खुर्चीवरून उठलो. ऑफिसातले दोघेजण वळून बघायला लागले. नायट्रोला वेगळं इंधन लागतं हे ठाऊक नसल्यानं हा गडी पेट्रोल पंपावर गेला. बुलेट चालवतो, त्याला वाटतं इंजिन म्हणजे इंजिन. आत पेट्रोल तुंबलंय, पिस्टनला वर जायला जागा नाही. वर आणखी जोर लावला तर आतला दांडा वाकतो आणि संपलं.

तिला सांगितलं, आधी त्याच्या हातातून घे. जोर लावायचा नाही. डोक्यावरचा प्लग पान्यानं काढ, गाडी उलटी धर, मग दोरी अलगद ओढ. तिनं फोन स्पीकरवर ठेवून ओढली. पिचकारी उडाली, गॅलरीभर वास. दोरी सुटली. अनिकेत मागून म्हणाला, काका, थँक्यू हां. आवाज चांगला आहे पोराचा. त्यामुळं आणखी चीड आली.

मग त्यानंच विचारलं, हे पेटतं कशानं?

म्हटलं, एक वस्तू लागते. ती माझ्याकडे राहिलीय.

राहिलीय! चोवीस वर्षं पोरांच्या बातम्यांतलं गुळगुळीत खोटं खोडत आलो, आणि आज हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. कुणासाठी? त्याच्यासाठी.

रविवारी गंगापूरला केतकीच्या मामाकडे जावयाचं जेवण आहे. त्याआधी सकाळी ते दोघं गाडी घेऊन लेआउटवर येणार. केतकी म्हणाली, बाबांनाही बोलावते.

बोलाव म्हटलं.

५ जून, शुक्रवार

पेट्रोलनं इंधनाची सिलिकॉनची नळी फुगते. नवी नळी माझ्याकडे शिल्लक होती, हवी तेवढी कापून ठेवली. इंधन, पाना, जादा प्लग, सगळं पिशवीत भरलं. सुनीता बघत होती. म्हणाली, देणार आहात?

म्हटलं, नळी बदलणार आहे.

"ते नाय विचारलं मी."

७ जून, रविवार

सहाला पोचलो. मिलिंद माझ्याआधी आलेला, नेहमीच्या दगडावर बसलेला. रफिकभाईंनी न विचारता दोन चहा आणले आणि एक त्याच्या हातात, एक माझ्या हातात देऊन निघून गेले. आम्ही दोन दिशांना तोंड करून प्यायलो.

साडेसहाला अनिकेतची गाडी आली. केतकीनं खोका माझ्यापुढं ठेवला. टाकीला अजून पेट्रोलचा वास. मी बसलो, नळी काढली, फुगून लिबलिबीत झालेली. टाकी आपल्या इंधनानं दोनदा खंगाळली. मिलिंद न सांगता समोर उकिडवा बसला आणि मागची चाकं उचलून धरली, दर रविवारी धरायचा तशी. मी इग्नायटर प्लगवर ठेवला, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला पेटली.

तो आवाज. तीन आठवडे ऐकला नव्हता.

पांढरा धूर आमच्या दोघांच्या मधून वर गेला. अनिकेत मागून म्हणाला, धूर फार येतोय, स्क्रू जरा आवळू या का?

"धूर हवाच."

मी म्हणालो आणि मिलिंदही म्हणाला, एकदमच. केतकी हसली. आम्ही नाही हसलो.

गरम होऊ दिली. मग मिलिंदनं खोक्यातून रिमोट काढला. नाण्यावर त्याचा नंबर होता. मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मनात म्हणतही होतो, चालव लेका, निदान पहिली तू चालव. त्यानं रिमोट पुढं केला. घ्या, अनिकेतराव.

पूर्ण थ्रॉटल. चुन्याच्या वळणावरून अशी निघाली की मातीचा पट्टा उठला. दुसऱ्या वळणाला मागचं चाक जरा सुटलं, सावरलं, पुन्हा सरळ. इंजिन अडखळलं नाही. सहा महिने धीर धरला होता तो असा वाजत होता. अनिकेत ओरडला, पप्पा, काय पळतेय! मिलिंद माझ्याकडं बघत होता. मी गाडीकडं बघत होतो. इतकी सुंदर पळणारी वस्तू बघून इतकी चीड यावी, असं कधी झालं नव्हतं.

टाकी संपली. निवली. इंजिनात राहिलेलं इंधन जाळून प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडले, तेही मीच. अनिकेतनं खोका डिकीत ठेवला आणि हात पुढं केला. "काका, ती कांडी?"

मी खिशात टाकली होती. म्हणालो, "ती माझी आहे."

त्याला चेष्टा वाटली. हसत मिलिंदकडं वळून म्हणाला, म्हणजे गाडी पप्पांची आणि चावी काकांची?

मिलिंद रुमालानं रिमोट पुसत राहिला. पुसायला त्याच्यावर काही नव्हतं. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि नाण्यासारखी तीही त्यानं सोडून दिली.

केतकीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती बँकवाल्याची पोर आहे, दोन चाव्यांचं घरी ऐकलेलं असणार.

"बाबा," ती हळू म्हणाली, "कुणाची गाडी दिलीत?"

मिलिंद म्हणाला, ऊन वाढतंय, गंगापूरला उशीर होईल.

मी पिशवी उचलली. स्कूटर सुरू केली तेव्हा डिकी उघडीच होती. केतकीचा हात झाकणावर होता, आणि ती ते लावत नव्हती. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

८ जून, सोमवार

केतकीचा मेसेज: पोचलो काका. एवढंच. गाडीचं काही नाही. मीही विचारलं नाही.

मिलिंदचे दोन फोन येऊन गेले. एक पान लावताना, तो घेता आला नसता. दुसरा घरी, जेवताना. तो घेता आला असता. सुनीतानं फोन उलटा करून ठेवला आणि भाजी वाढली.

गाडी पुण्यात आहे की मिलिंदच्या शोकेसखाली, मला माहीत नाही. राग आहे तसाच आहे. लिहून उतरतो हे आता कुणाला शिकवणार नाही.

इग्नायटर चार्जिंगला लावला. पंधरवडा झालेला नाही. तरी लावला.