दुसऱ्या मृत्यूची साक्ष

वसाहत वर्ष एकाहत्तर, नववा महिना, चार तारीख.

आज सकाळी पाण्याची पाळी होती, पाणी भरले. नंतर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. फुप्फुसांबद्दल मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. येताना नोंदणी कार्यालयातून कोरे कागद आणले. दुपारी दोन्ही साक्षीदार यायचे आहेत, तोपर्यंत लिहून व्हायला हवे.

मी, खाली सही करणारी, पोशाख-कामशाळेतील निवृत्त शिवणकारीण, माझ्या पश्चात काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी, वेगवेगळे येऊन, लिहू नकोस असे सुचवले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. घर. मधल्या बोगद्यातील माझे दोन खोल्यांचे घर, भिंतीतली कपाटे, हवेची जाळी व नळजोडणीसह, कामशाळेतील माझी सहकारी, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तिला मालकी हक्काने मिळावे. ती आमच्या नात्याची नाही. कारण कलम ४ मध्ये येईल. आतल्या खोलीच्या दाराची बिजागरी कुरकुरते. तिला तेल देऊ नये. माझ्या पतीला आवाज न करता घरात शिरायची सवय होती. त्या एका दारापाशी ते आल्याचे कळायचे.

कलम २. साठलेली रक्कम थोडी आहे. तिच्यातून माझे अंत्यकर्म उरकावे आणि उरले तर कामशाळेतल्या मुलींना नव्या खुर्च्या घ्याव्यात. पाठीला टेकू असलेल्या. मी आयुष्यभर मागितल्या.

कलम ३. हत्यारे. जाड सुया, अरी, मेण, अंगठ्याचे टोपण आणि शिवण तपासायचा दाबमापक चष्मेवालीला. दाबमापकाचा काटा डावीकडे किंचित ओढतो, हे तिला ठाऊक आहे. भावाची लोखंडी पेटी वीस वर्षे माझ्या पलंगाखाली आहे. ती त्याने न्यावी. ही देणगी नाही, त्याचीच वस्तू आहे.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यासाठी मी कागद आणले.

माझा एकुलता एक मुलगा वसाहतीच्या नोंदीत मृत आहे. कारण असे लिहिले आहे : बाहेर काम करताना पोशाखाच्या मानेची शिवण सुटली. बाहेर हवा नाही, तेव्हा शिवण सुटली की माणूस संपतो. तो पोशाख मी शिवला होता आणि मीच तपासला होता.

ही नोंद खोटी आहे. शिवण पक्की होती.

त्या वेळी आमचे वरच्या चक्राशी युद्ध चालू होते. चक्र म्हणजे आमच्या डोक्यावर आकाशात फिरणारी चाकासारखी वसाहत, आणि आमच्याकडे उजेड पाडणारा आरसा तिथल्या लोकांच्या हातात होता. भांडण झाले की ते आरसा वळवत आणि आमच्या पिकांची पाने पिवळी पडत. चक्राचे काय करायचे यावर दोन मते होती आणि ती दोन्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसत. एक माझा धाकटा भाऊ, युद्धयानांच्या ताफ्याचा सेनापती. दुसरे माझे पती, गुप्त खात्याचे प्रमुख.

भाऊ म्हणायचा, "भाऊजी, तुमचं युद्ध म्हणजे वाळवी. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि पगार मात्र सेनापतीचा."

हे म्हणायचे, "वाळवी घर पाडते, सेनापती. तुमचा हातोडा लांबूनच दिसतो. लोक आधीच बाजूला होतात."

"झाले बाजूला तर बरंच की! घर आपलं झालं."

"आणि त्याच्यात राहायचं कोणी? भिंत पाडून?"

मी म्हणायचे, "आधी ताटातलं संपवा दोघं." तेव्हा हसायचे. एकमेकांना वाढायचेही.

समितीने दोघांनाही होकार दिला. भावाला ताफा बांधायला सांगितले, यांना चक्रात माणसे पेरायला सांगितले. आणि एकाचे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही असे ठरवले. एकाने बोलायचेच नाही आणि दुसऱ्याने थांबायचेच नाही, अशा दोघांना एकाच कामावर लावल्यावर दुसरे काय होणार?

पेरायच्या माणसाला आधी मारायचे, अशी खात्याची रीत होती. मेलेल्याला कोणी शोधत नाही. मुलगा यांच्या हाताखाली गेला, तेव्हा त्याचे मरण यांनीच रचले. मी विचारले, "शिवणच का? दरड कोसळली म्हणा, काहीही म्हणा."

हे म्हणाले, "अगं, आईच्या हातून झालेली चूक कोणी खोटी मानत नाही."

मुलगा जाताना म्हणाला, "आई, रडताना जरा जोरात रड हं. तू रडतेस ते शेजारच्यांना ऐकू येत नाही." मी जोरात रडले. कामशाळेच्या नियमाप्रमाणे मेलेल्याचा पोशाख उसवून कापड कोठारात जमा करायचे असते. तेही केले. मानेची शिवण उसवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, इतकी ती घट्ट होती. लोक भेटायला आले. बसले, चहा घेतला, जाताना माझ्या हातांकडे बघून गेले. तपासणीच्या बाकावरून मला काढून पिशव्या शिवायला बसवले. मी तक्रार केली नाही, कारण पोरगा जिवंत होता.

तीन वर्षांनी भावाचा ताफा तयार झाला. हे त्याला म्हणाले, "एक महिना थांबा."

"का?"

"सांगता येत नाही."

"तुमची माणसं आहेत का आत? सरळ सांगा. असतील तर कुठे आहेत तेवढं सांगा, तिथे मारत नाही."

"तुम्हाला सांगितलं की ताफ्याला कळलं, ताफ्याला कळलं की चक्राला कळलं."

भाऊ मला म्हणाला, "ताई, याला श्रेय पाहिजे. महिन्याभरात याची वाळवी घर पाडणार आणि मी हातोडा घेऊन बघत बसणार." मला ठाऊक होते की मुलगा वर आहे. चक्रात नेमका कुठे, हे मलाही सांगितलेले नव्हते. आणि समिती चढाईची परवानगी इतक्यात देणार नाही, असे यांनी मला सांगितले होते, म्हणून मी भावाला काही बोलले नाही.

समितीने परवानगी दिली. भाऊ परतला तो थेट माझ्याकडे जेवायला. चक्राचा एक आरा कसा फोडला, चक्र कसे थांबले, आरसा कसा जागेवर अडकला, हे तो चमचे मांडून दाखवत होता. मोठा चमचा ज्या जागी त्याने आडवा ठेवला, तिकडे पाहून यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. हात धुतले आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. बोगद्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आपला तिथे होता," एवढेच म्हणाले.

मी आत आले तर भाऊ विचारतो, "काय झालं? भाऊजींना हरल्यासारखं वाटलं का?"

मी त्याला सांगितले. त्याने मांडलेले चमचे एकेक करून उचलले, मोठा मात्र तसाच आडवा राहू दिला.

या वेळी भेटायला कोणी आले नाही. येणार कसे? त्यांच्या लेखी तो तीन वर्षांपूर्वी गेला होता, आणि बाहेर विजयाची गडबड होती. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. चष्मेवाली शेजारच्या बाकावर होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, माझ्यापुढचा पिशव्यांचा ढीग स्वतःकडे ओढला आणि आपले काम संपल्यावर तोही संपवला. असे तिने बरेच दिवस केले. घर तिला का, याचे कारण हे आहे.

म्हणून मी या कागदाद्वारे जाहीर करते की, माझा मुलगा पोशाखाची शिवण सुटून मेला नाही. गुप्त खात्याचे प्रमुख, माझे पती, यांच्या हुकमाने तो चक्रात गेला. तेथे तो (येथील एक शब्द मी खोडला आहे, पुरवणी पाहावी) म्हणून काम करीत होता. ताफ्याचे सेनापती, माझा भाऊ, याच्या हुकमाने झालेल्या हल्ल्यात तो मरण पावला. आधीची नोंद रद्द करून ही घ्यावी.

कलम ५. नोंदणी कार्यालयाने मला पूर्वी सांगितले होते की, दुसरा मृत्यू नोंदवायचा तर पाठवणारा आणि मारणारा दोघांचे म्हणणे हवे. हे म्हणाले, खात्याच्या माणसांची कबुली देता येत नाही. भाऊ म्हणाला, आधी ते लिहू देत, मग मी. अकरा वर्षे दोघांचे असेच चालले आहे आणि एकमेकांशी बोलणे नाही. पण मृत्युपत्राचा नियम वेगळा आहे. साक्षीदारांनी कागद पूर्ण ऐकून एकाच वेळी, एकाच खोलीत सही करायची असते, आणि कागदात लिहिलेले घरातले जन्ममृत्यू त्या दोन सह्यांवर नोंदले जातात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असाही नियम आहे. म्हणून दोघांना मी काही ठेवलेले नाही आणि दोघांनाच साक्षीला बोलावले आहे. राहायला दोघांनाही निवृत्तांच्या वसतिगृहात खोल्या आहेत, हेही आता तिथेच राहतात.

कलम ६. युद्ध कोणामुळे संपले, हा वाद मी कोणालाही वारशाने देत नाही. भाऊ म्हणतो, चक्र थांबले म्हणून संपले. हे म्हणतात, थांबलेल्या चक्राची दारे आतून कोणीतरी उघडली आणि तिथली पोरेबाळे आपल्याकडे उतरवता आली, म्हणून तह झाला. दोन्ही खरे असेल. मला त्यात पडायचे नाही.

कलम ७. माझा पोशाख चष्मेवालीने उसवावा. घाई करू नये.

पुरवणी. त्याच दिवशी, दुपारनंतर.

दोघे आले. भाऊ आधी आला. यांनी आज दार वाजवले. मी कागद वाचून दाखवला.  संपल्यावर हे म्हणाले, "त्याचं काम लिहू नकोस. तो शब्द काढ."

भाऊ उसळला. "का काढायचा? पोरगा तिथे झोपा काढत नव्हता! काय करत होता ते कळू दे की लोकांना. मेल्यावरसुद्धा लपवायचंच का?"

"त्या कामावर आणखी माणसं आहेत, सेनापती. माझी. त्यांची तिथे लग्नं झालीयत, बायकांना ठाऊक नाही. हा एक शब्द वर गेला की तोच धागा धरून सगळी बाहेर निघतील."

"बघ ताई! अजून तेच. अर्धं उघड, अर्धं झाकलेलं. मला अर्धी कबुली नको. मी मारलंय ना? मग कोणाला मारलं ते पूर्ण लिही."

"तुम्हाला अजून कळत नाही, काय फोडलंत ते."

"मला कळत नाही? मला? महिनाभर थांबा म्हणालात, तेव्हा एकदा, एकदा तोंड उघडलं असतं तर—"

"तर थांबला असतात?"

 भाऊ म्हणाला, "माहीत नाही." अकरा वर्षांत या दोघांनी एकमेकांना दिलेले हे पहिलेच खरे उत्तर असावे. 

मृत्युपत्र माझे आहे, तेव्हा ठरवणे माझ्याकडे आले. यांचे म्हणणे मला पटले. त्या माणसांच्याही आया इथे आहेत. त्यांनीही कधीतरी जोरात रडून घेतले असेल. मी तो शब्द खोडला. मग यांना विचारले, "मरण तुम्ही रचलंत, असंही लिहिलंय. 'रचलं' हा शब्दही काढायचा का?"

यांनी कागद जवळ घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. "नाही. तो राहू दे."

भाऊ म्हणाला, "अहो भाऊजी, पेन द्या इकडे." त्याने सही केली आणि सहीच्या शेजारी न विचारता आणखी एक ओळ लिहिली. यांनी नुसती सही केली, पण ती पूर्ण नावाची. खात्यात असताना ते फक्त एक रेघ ओढत.

निघताना हे म्हणाले, "शिवण पक्की होती हे कामशाळेत जाऊन सांगू का मी?"

"तेव्हाचं तिथे आता कोणी नाही," मी म्हटले. "आणि जिला कळायचं होतं, तिला तेव्हाच कळलं होतं."

पेटीची एक कडी भावाने धरली. दुसरी आपणहून यांनी धरली. "हळू, हळू. तुमचा गुडघा," असे भाऊ म्हणाल्याचे बोगद्यातून ऐकू आले.

वरील मजकूर, खोडलेल्या एका शब्दासह, मला मान्य आहे.

लिहून देणार : निवृत्त शिवणकारीण (सही)

साक्षीदार पहिला : ताफ्याचा माजी सेनापती, लिहून देणारीचा भाऊ (सही). हल्ल्याचा हुकूम माझा होता. भाचा आत आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि मी विचारायचे तितके विचारले नाही.

साक्षीदार दुसरा : गुप्त खात्याचे माजी प्रमुख, लिहून देणारीचे पती (सही)

ठिकाण : माझ्या घरी, बाहेरची खोली. तारीख वर दिलेलीच.

ता. क. कागद कार्यालयात देऊन आले. कारकून म्हणाला, नोंद उद्या सकाळी फलकावर लागेल. म्हणजे उद्या लोक भेटायला येतील, किंवा येणार नाहीत. घरी येऊन पदर खोचला, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि बाहेरची खोली झाडून काढली.