सातव्या अभ्यासाच्या उलट्या पायऱ्या

मी, नरहर व्यंकटराव बिलोलीकर, वय ७१, निवृत्त संख्याशास्त्रज्ञ, राहणार काचीगुडा, हैदराबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत आहे; झोप मात्र महिनाभर नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. विमल हिला, तिच्यानंतर मुलगी वृषाली हिला मिळाव्यात.

२. पुस्तके अफझलगंजच्या ग्रंथालयाने घेतली तर द्यावीत. मेहुणे शिवराज यांना एकही देऊ नये. त्यांनी नेलेले पुस्तक कधी परत येत नाही, आणि विचारले की 'कोणतं?' म्हणतात.

३. नऊ वर्षांपूर्वी लकव्यावरील एका औषधाचे अकरा अभ्यास एकत्र करून मी लेख छापला. रुग्ण कितपत सावरला हे सहा पायऱ्यांत मोजतात. पहिली म्हणजे ठणठणीत, सहावी म्हणजे मृत्यू. सातव्या अभ्यासात क्रम उलटा होता. तिथे सहावी म्हणजे ठणठणीत. मी न पाहता आकडे तसेच मिसळले. त्या अभ्यासात औषधाने नुकसान झाले होते. माझ्या लेखात तोच सर्वांत मोठा फायदा ठरला. गेल्या महिन्यात जुने कागद आवरताना हे दिसले. क्रम सुलटा करून चार वेळा गणित मांडले. चारही वेळा फायदा उरत नाही.

माझा तेव्हाचा सहायक हर्षद म्हणाला होता, "सर, सातवा एकदा बघा, बाकीच्यांशी जुळत नाही." मी त्याला चारचौघांत झापले आणि लेखातून त्याचे नाव काढले. तो खरा निघेल याची धास्ती होती, दुसरे काही नाही. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे; साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून त्याची फक्त माफी मागतो.

तीन वर्षांपूर्वी विमलला लकवा झाला. डॉक्टरांनी माझाच लेख दाखवून हे औषध सुचवले. मी छाती फुगवून हो म्हटले. तिचा उजवा हात आजाराने गेला की औषधाने, हे एका रुग्णावरून कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, आणि त्यानेच जीव खालीवर होतो.

४. चूक कबूल करणारे पत्र टेबलाच्या खणात आहे. माझ्या मृत्यूनंतर वृषालीने ते नियतकालिकाला पाठवावे, आणि आईलाही तिनेच सांगावे.

५. वरील कलम ४ रद्द. सहीसाठी आलेल्या हर्षदने ते वाचून पेन खाली ठेवले. म्हणाला, "सर, आज सकाळीबी कुणाला तरी ते औषध दिलं असेल. मरेपर्यंत कायको थांबायचं? आधी पत्र, मग सही."

पत्र अकरा वाजता ईमेलने गेले. बटण त्याने मलाच दाबायला लावले.

विमल आत डाव्या हाताने शेंगा सोलते आहे. सह्या झाल्या की मी आत जाणार आहे.

सही: न. व्यं. बिलोलीकर
साक्षीदार: हर्षद देगलूरकर, प्रणिता कंधारकर (शेजारी)
काचीगुडा, हैदराबाद, शनिवार, १४ जून २०२५