शेवटच्या बाकावरचं प्रभुभोजन

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेने घरी सगळे बरे असाल, असं धरून लिहितोय.

आधी बातमी सांगून टाकतो. नर्सिंगच्या परीक्षेत मी पुन्हा नापास झालो आणि आता परत बसता येणार नाही. हॉस्पिटलने काढून टाकलं नाही, लाँड्रीत पाठवलं. दिवसभर चादरी धुतो, वाळवतो, घड्या घालतो. तिथे ऊब असते, त्यामुळे खोकला गेला. स्वेटर पाठवू नकोस.

रविवारी देवळात गेलो, पण शेवटच्या बाकावर बसलो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे पुढे गेले, मी उठलो नाही. एवढ्या प्रार्थना करून आपटलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने पुढे जायचं?

चर्चच्या पाळकबाई ताट आणि प्याला घेऊन सरळ माझ्यापर्यंत चालत आल्या.

“पाय दुखतोय का रे?”

“नाही. नापास झालोय.”

“मग? हे काय पास होणाऱ्यांचं बक्षीस आहे? हात पुढे कर.”

मी हात पुढे केला. रडलोबिडलो नाही. खोलीवर येऊन मात्र गाढ झोपलो, बऱ्याच दिवसांनी.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना दम लागतो का अजून?

बाबांनी तिकडे चर्चच्या मंडळीसमोर माझ्या निकालासाठी प्रार्थना मागितली होती, असं ताईने कळवलं. आता लोक विचारणारच. बाबांना म्हणावं, काही लपवू नका. मुलगा नापास झाला, पण त्याला पंगतीतून कोणी उठवलं नाही, एवढंच सांगा.

तुझा,
धाकटा