ठोके थांबले तरी

नारायणगुडा, शनिवार संध्याकाळ, १९९३

प्रोसेसरचं अजून ठरत नाही. घरी जोडायच्या कॉम्प्युटरसाठी ८०८५ घ्यावा, हे शहाणपणाचं. कॉलेजात तोच शिकले, पुस्तकंही घरात आहेत. पण आज कोठी बाजारातल्या दुकानात रशीदभाईंनी जुना १८०२ प्रोसेसर काढून दाखवला आणि मी त्यातच अडकले. त्याला चालवणाऱ्या आतल्या घड्याळाचे ठोके बंद केले तरी तो काही विसरत नाही, होता तिथंच उभा राहतो. ८०८५ला एवढं थांबवलं तर हातातलं सगळं सांडून बसेल.

"मॅडम, ये बहुत सुस्त है. लोगां अब ३८६ मांगरे," रशीदभाई हसले.

असू दे सुस्त. मला कुठं पळायचंय? बाल्कनीत बसून एकेक बटण दाबीन, एकेक ठोका देईन, लाल दिवे सरकताना बघीन. मध्येच कुकर लावायला उठले तरी तो तसाच थांबलेला असेल. पण हा काय प्रोसेसर निवडायचा निकष झाला?

चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "माधुरी, गौलीगुड्याच्या बाजारात गेलीस तर..." आणि थांबले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून असं होतं. दादा असता तर त्यानं वाक्य पुरं करून टाकलं असतं. मी कप विसळून ठेवले, दिवा लावला, इथं लिहायला बसले. आणि आत्ता आतून बाबांचा आवाज आला, "...गोंगुरा आण. कोवळा पाला बघून."

"हौ बाबा, आणते," म्हटलं.

८०८५ची पुस्तकं माळ्यावर ठेवून आले.