स्वयंपाकघर सुनेच्या नावे

मी, सुभद्राबाई सयाजी गायके, वय वर्षे एकाहत्तर, राहणार डांगे चौकाजवळ, थेरगाव, पूर्वीचा धंदा कामगारांची खाणावळ, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणायला आजवर कोणी धजावलेले नाही, हे शेजारीपाजारी सांगतील.

माझे यजमान सयाजी नऊ वर्षांपूर्वी वारले. मुलगा रविराज चाकणला कंपनीत शिफ्टला जातो. सून स्वप्नाली हिंजवडीला नोकरी करते. मुलगी विजयश्री सांगवीला दिली आहे. मला एवढेच वारस आहेत.

कलम १. घर माझ्या नावावर आहे. अंबाजोगाईहून आलो तेव्हा इथे पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात मी बारा जणांना जेवू घालत होते. आता दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. दोन्ही खोल्या रविराज आणि स्वप्नाली यांच्या समाईक. स्वयंपाकघर मात्र एकट्या स्वप्नालीचे. वकीलसाहेब म्हणाले, घराचा असा तुकडा पाडता येत नाही. कायद्याला पटत नसेल तर सगळे घर दोघांचे समान समजावे, पण स्वयंपाकघरात काय यावे आणि काय येऊ नये, यात शेवटचा शब्द तिचा राहील.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझी बोरमाळ विजयश्रीला द्यावी. मात्र बोरमाळ हातात घेण्याआधी तिने कलम ५ मोठ्याने वाचावे.

कलम ३. लोखंडी तवा, काठवट, खलबत्ता, सूप, तिन्ही चाळण्या आणि सगळे डबे स्वप्नालीला. मिक्सर ज्याला हवा त्याने न्यावा, त्याच्या आवाजाने माझे डोके उठते. पाटा-वरवंटा कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या युनूसभाईंच्या नजमाला द्यायचा होता. पण साक्षीदाराने या कागदातून काही घेऊ नये असे वकीलसाहेब म्हणतात, आणि नजमाला साक्षीदारच व्हायचे होते. म्हणून पाटा कालच हातगाडीवरून तिच्या दारी पोचवला. आता तो माझ्या मिळकतीत नाही.

कलम ४. साठवणीबद्दल. ज्वारी वर्षाची भरावी, बाजरी फक्त थंडीपुरती, ती लवकर कडू होते. कोठीत कडुलिंबाचा पाला वाळलेलाच घालावा. पहिल्या वर्षी मी ओला घातला आणि सगळ्या धान्याला बुरशी आली, तेव्हा सयाजी आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. नवे धान्य खाली, जुने वर, म्हणजे जुने आधी संपते. पीठ आठवड्याचेच दळावे. मटकी, हुलगे, चवळी थोडी थोडी आणावी आणि डब्यावर तारीख घालावी. तेल घाण्याचे, पण ते ओतायला पळी नको, चमचा ठेवावा. जवसाची आणि कारळाची चटणी असली की पापड-लोणच्याकडे हात जात नाही. काळा मसाला एप्रिलमध्ये एकदाच करावा. तो स्वप्नाली आता माझ्यापेक्षा बरा भाजते. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम ५. हे लिहायला मी दोन वर्षे टाळाटाळ केली.

पाच वर्षांपूर्वी रविराजला शुगर निघाली. स्वप्नालीने घाबरून माझे अर्धे डबे रिकामे केले आणि ओट्सची, कसल्या कसल्या बिस्किटांची पाकिटे आणून भरली. मला राग आला. ज्या बाईने शेकडो कामगार जेवू घातले तिला आता पाकिटावरचे वाचून शिकायचे का, असे मला वाटले. मी माझा गॅस वेगळा मांडला. ती कामावर गेली की मी रविराजला चहा करून द्यायची. साखर एक कण घालत नव्हते. गूळ घालत होते. दिवसातून तीनदा, शिवाय तिळगुळाचा लाडू. गूळ म्हणजे साखर नव्हे, गुळाने अंगात ताकद येते, हे माझ्या आईने मला सांगितले होते आणि मी ते कधी कोणाला विचारून पाहिले नाही. रविराजलाही मीच बजावले होते की बायकोला सांगू नको.

मग दोन वर्षांपूर्वी सेफ्टी शूजने त्याच्या पायाला फोड आला. तो भरला नाही आणि डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्या नातेवाइकांसमोर विजयश्री म्हणाली, "वहिनी, तुमच्या पाकिटांनी माझ्या दादाचं बोट खाल्लं." स्वप्नाली खाली मान घालून उभी राहिली. मी शेजारीच बसले होते. मला सगळे ठाऊक होते आणि मी तोंड उघडले नाही.

घरी आल्यावर स्वप्नालीने पाकिटे बंद केली आणि मला म्हणाली, आई, मला पहिल्यापासून शिकवा. आज भरलेला एकेक डबा आम्ही दोघींनी मिळून भरला आहे. शिकवताना मला रोज लाज वाटत होती. विजयश्री, तुझे बोलणे मागे घे. दोष माझा होता. स्वप्नाली, मी तुझी माफी मागते. जिवंतपणी तेवढी हिंमत झाली नाही.

कलम ६. या कागदाची एक प्रत वकीलसाहेबांकडे आहे. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ज्वारीच्या कोठीच्या तळाशी ठेवत आहे. तळ दिसेल तेव्हा मी असेन की नसेन, सांगता येत नाही.

ठिकाण : थेरगाव. तारीख : १७ नोव्हेंबर २०२४.
सही : सुभद्राबाई सयाजी गायके
आम्हा दोघांदेखत सही झाली, आम्ही तिच्यादेखत सह्या केल्या :
१. नजमा युनूस तांबोळी, थेरगाव
२. धम्मपाल वाघमारे, संत तुकाराम नगर (सयाजींचे कंपनीतले सोबती)

पुरवणी

यंदा ज्वारी माझ्याआधी संपली. काल सकाळी स्वप्नाली कोठी पुसायला बसली आणि पिशवी तिच्या हाती लागली. मी समोर मेथी निवडत होते. उठून जावेसे वाटले, पण मी मेथीच निवडत राहिले. तिने तिथेच फरशीवर बसून सगळे वाचले आणि कागदांची होती तशी पुन्हा घडी घातली.

मग म्हणाली, "आई, मला माहीत होतं. ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले होते. तुमचं चहाचं पातेलं तसंच पडलं होतं, ते घासलं. तळाला गूळ होता."

मी विचारले, मग व्हरांड्यात तू बोलली का नाहीस?

"तुम्ही आधीच रडत होता. तुमचं तोंड बघवत नव्हतं."

एवढे बोलून ती कोठी उन्हात ठेवायला गच्चीवर गेली.

म्हणून या पुरवणीने कलम २ मधली बोरमाळीची अट रद्द करते. कलम ५ विजयश्रीला मीच वाचून दाखवणार आहे. आज दुपारी तिला जेवायला बोलावले आहे, रविराजलाही सुट्टी आहे. कलम ५ मधली माफीची विनंतीही मागे घेते, कारण ती माफी मला दोन वर्षांपूर्वीच मिळालेली होती, फक्त मला त्याचा पत्ता नव्हता. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण : स्वप्नालीचे स्वयंपाकघर, थेरगाव. तारीख : २३ मार्च २०२५.
सही : सुभद्राबाई सयाजी गायके
साक्षीदार : नजमा युनूस तांबोळी, धम्मपाल वाघमारे (दोघेही जेवायला थांबले आहेत)