कोमट फ्लास्क

काका, औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळे तुम्हाला सर म्हणायचे, मी एकटाच काका म्हणायचो, आपण दोघेही धारचे म्हणून. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

आज सकाळी फ्लास्क टेबलावर निवत ठेवला आणि खिडकीतून बघत बसलो. देवासची टेकडी हिवाळ्यात अर्धी धुक्यात असते, वरचं देऊळ हवेत ठेवल्यासारखं. वाटलं, पूर्वीसारखे तुम्ही शेजारी उभे आहात. गोळ्यांची भुकटी मिथेनॉलमध्ये विरघळवून, कंपनं देणाऱ्या यंत्राच्या पाण्यातून नुकताच काढलेला फ्लास्क कोमट आहे, म्हणून मला हात लावू देत नाही. "निवू दे रे. बारात निकल रही है क्या तेरी?" मग मांडूच्या वाटेवरची एखादी लांबलचक गोष्ट काढता. ती संपते तेव्हा काच गार झालेली असते. तेव्हा कुठे फ्लास्कच्या मानेवरच्या रेघेपर्यंत मिथेनॉल, थेंब थेंब.

मी कॉलेज पाहिलं नाही. शब्दकोश शेजारी ठेवून यंत्रांची पुस्तकं वाचली, माझं मी शिकलो. त्याचा गर्व होता, अजून आहे. एकदा एकाच बॅचचे नमुने आपण दोघांनी वेगवेगळे तयार केले आणि औषधाच्या प्रमाणाचा माझा आकडा तुमच्यापेक्षा जास्त आला. दोन्ही मर्यादेत होते, औषधाला धोका नव्हता. पण दोन हातांत एवढा फरक पडायला नको होता. मला कारण लगेच कळलं. मी फ्लास्क कोमट असतानाच रेघेपर्यंत भरला होता. निवल्यावर द्रव आकसतो, रेघेखाली उतरतो. तेवढंच औषध कमी द्रवात राहतं आणि आकडा फुगतो. पातळी उतरलेली कुणाला दिसायच्या आत मी ते गाळून मोकळा झालो होतो.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "माझीच रेघ चुकली असणार. डोळे गेले आता. तिसरा तू कर."

तिसराही मी कोमटच भरला. पहिल्यांदा घाईनं, या वेळी जाणूनबुजून. तो माझ्या पहिल्याशी तंतोतंत जुळला. त्यानंतर तुम्ही फ्लास्क हातात धरला नाहीत, कागदांवर सह्या करत बसलात. तुमच्या निवृत्तीनंतर धारला भेटायला आलो, तर शेजाऱ्यांना हाक मारून म्हणालात, "भिया, ये देखो! मेरी आँख गई, पर काम इसके हाथ में दे आया." काकू आतून म्हणाल्या, "डोळे गेले म्हणे! मला सुईत दोरा अजून हेच ओवून देतात." सगळे हसले. मी चहा प्यालो.

काका, तुमची रेघ बरोबर होती. तेव्हा दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आता लिहून घडी घातली, तरी पाकिटावर पत्ता काय घालू? नव्यांना शिकवताना हा किस्सा मी नेहमी सांगतो, अगदी तापमानासकट. फ्लास्क कोमट भरणारा कोण, असं कुणी विचारलं, की मात्र म्हणतो, "होता एक जण."